कृपा आधी, उपवास नंतर

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही रुग्णालयात परिचारिका आहात आणि तुम्हाला मधुमेह आहे. गेल्या वर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या लेंट या चाळीस दिवसांच्या प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या दिवशी, ड्युटीवर उपाशी राहिलात, चक्कर आली, आणि तेव्हापासून उपवास सोडला. ‘मी देवाच्या कृपेबाहेर पडले का,’ असं तुम्ही विचारता. त्यातच पापनिवेदनानंतर, म्हणजे धर्मगुरूपुढे पापं कबूल केल्यावर, त्यांनी सांगितलेलं प्रायश्चित्त राहून गेलं, म्हणून तीच पापं दर महिन्याला पुन्हा सांगता. तुमच्या जाऊबाई प्रॉटेस्टंट मंडळीत वाढलेल्या. त्या म्हणतात, कॅथलिक लोक उपवास करून स्वर्ग विकत घेतात. भाऊ माहेरच्या जागेच्या हक्कसोडपत्रावर सही मागतोय आणि ‘लेंटमध्ये एवढा तरी त्याग कर’ असं नातेवाईक ऐकवतात. शेवटी मुलांच्या उपवासाबद्दलही विचारलंय.

मी धर्मगुरू आहे. बरीच वर्षं वसई भागात प्रायश्चित्तकाळातली आत्मिक शिबिरं घेतो आणि पापनिवेदन ऐकायला बसतो. पापनिवेदनात ऐकलेलं कधीच कुठे येत नाही, इथेही येणार नाही. पण तुमचे हे प्रश्न लोक चर्चच्या आवारात, घरी, फोनवर उघडपणे विचारतात, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

आधी मुळातली गोष्ट. आपण चाळीस दिवस काहीतरी देतो आणि त्याच्या बदल्यात पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या वेळी देव दया करतो, असा आपल्या मनात एक हिशेब असतो. कोणी असं बोलून दाखवत नाही, पण वागणं तसंच असतं. उपवास मोडला की हप्ता चुकला असं वाटतं. राखेच्या बुधवारची उपासना नीट ऐकली तर हा हिशेब पहिल्या क्षणीच कोसळतो. त्या दिवशीच्या मिस्साचं, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेचं, प्रवेशवचन बायबलमधल्या ज्ञानग्रंथाच्या अकराव्या अध्यायावरून घेतलेलं आहे: प्रभू, तू सर्वांवर दया करतोस, तू निर्माण केलेल्या कशाचाही तुला तिटकारा नाही. कपाळाला राख लागायच्या आधीच हे म्हटलं जातं. मग योएल संदेष्ट्याचं वाचन येतं. वस्त्रं नव्हे, हृदयं फाडा आणि परमेश्वराकडे परत या, असं तो सांगतो आणि लगेच कारण देतो: कारण तो कृपाळू आहे, कनवाळू आहे, रागवायला मंद आहे. तुम्ही परत आलात तर तो कृपाळू होईल, असं योएल म्हणत नाही. तो कृपाळू आहेच, म्हणून या. आम्ही राख लावताना ‘पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा’ म्हणतो, तेव्हा ते शुभवर्तमान हेच असतं.

पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तेच सांगतो: आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला. सुधारल्यावर नव्हे, पश्चात्ताप केल्यावरही नव्हे. पश्चात्ताप सुचला, हीच मुळात देवाने आधी केलेली कृपा आहे. तुम्हाला कृपेबाहेर पडल्याची भीती वाटते, पण ही तळमळ कृपेबाहेरच्या माणसाला होत नसते.

आता तुमच्या उपवासाबद्दल. चर्चचा नियम लोकांना वाटतो त्यापेक्षा खूप सौम्य आहे. उपवासाचे बंधनकारक दिवस दोनच: राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे). तोही १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत. त्यात एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडंसं खाणं चालतं, म्हणजे कडकडीत निराहार नियमातही नाही. शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याचा नियम वयाची चौदा वर्षं पूर्ण झाल्यापासून लागू होतो. आजारी माणसाला, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईला, अंगमेहनतीचं किंवा इतरांच्या जिवाची जबाबदारी असलेलं काम करणाऱ्याला उपवासातून मोकळीक आहे. तुम्ही इन्सुलिन घेता, रात्रपाळी करता, तुमच्या हाताखाली रुग्ण असतात. तुम्ही उपाशी राहायचं नाही. वेळेवर खा, वेळेवर औषध घ्या. हे मी सवलत म्हणून सांगत नाही. तुमचं शरीर देवाने दिलेलं आहे आणि तुमचे रुग्णही. त्या दिवशी चक्कर येऊन तुमच्या हातून चुकीचं इंजेक्शन गेलं असतं, तर त्या उपवासाने देवाला कोणता आनंद झाला असता?

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण आपल्या किनाऱ्यावर ती फार दिसते. शुक्रवारी मटण-कोंबडी बंद, आणि ताटात पापलेट किंवा कोळंबीचं कालवण. नियम पाळला गेला, पण जेवण आदल्या दिवशीपेक्षा महाग झालं. यशया संदेष्टा अठ्ठावनाव्या अध्यायात विचारतो ते इथे लागू पडतं. भुकेल्याला आपली भाकर वाटून द्यावी, बेघराला घरात घ्यावं, उघड्याला वस्त्र द्यावं, जोखडाखाली अडकलेल्यांना मोकळं करावं, हाच मला आवडणारा उपवास नव्हे काय, असं परमेश्वर म्हणतो. तुम्हाला अन्नाचा उपवास जमत नाही. मग रात्रपाळीत ज्या रुग्णाजवळ कोणी बसत नाही, त्याच्याशेजारी दहा मिनिटं बसा. तो तुमचा शुक्रवार.

जाऊबाईंच्या आक्षेपाकडे येतो. त्यांच्यावर रागावू नका, त्यांचा मुद्दा खरा आहे. माणूस स्वतःच्या कर्मांनी देवाची कृपा कमवू शकत नाही, हे त्या म्हणतात तेव्हा त्या कॅथलिक शिकवणच सांगत असतात. माणूस स्वतःच्या बळावर चांगला होऊ शकतो असं म्हणणाऱ्या पेलागियसशी संत ऑगस्टीनने पाचव्या शतकात वाद घातला तो याच मुद्द्यावर. ५२९ साली ऑरेंजच्या धर्मसभेने सांगितलं की विश्वासाकडे वळण्याची पहिली इच्छासुद्धा कृपेनेच होते. ट्रेंटच्या महासभेने १५४७ मध्ये, धर्मसुधारणेचा वाद पेटलेला असताना लिहून ठेवलं की नीतिमान ठरण्याच्या कृपेआधी आपल्याकडून जे काही होतं, मग तो विश्वास असो वा कर्म, त्यामुळे ती कृपा आपल्या हक्काची होत नाही. आणि ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीत ऑग्सबर्ग इथे कॅथलिक चर्च आणि प्रॉटेस्टंटांमधल्या लुथरन मंडळींच्या जागतिक संघाने एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासात, आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे, देव आपल्याला स्वीकारतो. पवित्र आत्मा आपली हृदयं नवी करतो आणि सत्कर्मांसाठी सज्ज करतो, असा तिचा आशय आहे. २००६ मध्ये मेथडिस्ट मंडळीही त्या घोषणेत सामील झाल्या. तेव्हा जाऊबाईंसोबत इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय एकत्र वाचा. आठवं आणि नववं वचन त्यांना पाठ असेल, कृपेने तारण झालं आहे, कर्मांनी नव्हे. मग दोघी मिळून दहावंही वाचा: आपण सत्कर्मांसाठी निर्माण केलेले आहोत. तुमच्या दोघींचं म्हणणं त्या तीन वचनांत एकत्र बसतं.

प्रेम, दया आणि कृपा हे तिन्ही शब्द आपण प्रार्थनेत एका दमात म्हणतो. त्यांचा अर्थ मनात उतरवायला मी नेहमी लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायाकडे जातो. उधळ्या पुत्राचा दृष्टांत सर्वांना येतो, म्हणूनच तो नीट ऐकला जात नाही. धाकटा मुलगा बाप जिवंत असताना वाटा मागतो. आपल्याकडे जमिनीवर जगणाऱ्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. बाप वाटा देतो आणि त्याला जाऊ देतो. मुलाला बांधून न ठेवणारं प्रेम तिथे आधीच आहे, पापाच्याही आधी. मुलगा परत येतो तो काही फार थोर पश्चात्ताप करून येत नाही. डुकरांच्या शेंगांवर नजर गेली, बापाचे मजूर पोटभर जेवतात हे आठवलं, म्हणून उठला. वाटेत त्याने भाषण तयार केलं: मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला मजूर म्हणून ठेवा. तो दूर असतानाच बापाने त्याला पाहिलं, बापाचं काळीज कळवळलं आणि तो धावत गेला. ही दया. मुलाने अजून एक शब्दही उच्चारलेला नाही. मग तो भाषण सुरू करतो, आणि ‘मजूर म्हणून ठेवा’ हे वाक्य येण्याआधीच बाप नोकरांना हाक मारतो: उत्तम झगा आणा, बोटात अंगठी घाला, पायांत जोडे घाला. शिक्षा टळली, इथवर दया पुरेशी होती. पण अंगठी? ती मुलाने मागितलीही नव्हती, तिच्यावर त्याचा हक्कही उरला नव्हता. ती कृपा आहे.

ताई, तुम्ही गेलं वर्षभर ते मजुरीचं वाक्य म्हणायचा प्रयत्न करताय. ‘देवा, आता मुलगी म्हणून नको, नियम पाळणारी कामवाली म्हणून ठेव.’ बापाने ते वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही.

पापनिवेदनाबद्दल तुम्ही विचारलंत ते सर्वांत महत्त्वाचं. धर्मगुरू पापक्षमेचे शब्द उच्चारतो, तेव्हा पापक्षमा होते. ते शब्द सुरूच होतात देवाने काय केलं यापासून: दयेच्या पित्याने आपल्या पुत्राच्या मरणाने आणि पुनरुत्थानाने जगाचा स्वतःशी समेट केला आहे. त्यानंतर तुम्ही प्रायश्चित्त करता. पहिल्या काही शतकांत क्रम उलटा होता. मोठ्या पापांसाठी लोक लेंटभर उघड प्रायश्चित्त करत आणि त्यांना गुरुवारी, पवित्र सप्ताहात, पुन्हा चर्चमध्ये घेतलं जाई. आज प्रायश्चित्त हे क्षमेचं मोल नाही. तुमच्याच क्षेत्रातलं उदाहरण देतो: हाड जुळलं, प्लास्टर निघालं, तरी डॉक्टर फिजिओथेरपी सांगतात. व्यायाम राहिला म्हणून हाड पुन्हा मोडत नाही, पण हात आखडलेला राहतो. राहून गेलेलं प्रायश्चित्त आज करा. कोणतं सांगितलं होतं ते आठवत नसेल, तर पुढच्या वेळी एकदाच तेवढं सांगा, धर्मगुरू दुसरं देतील. क्षमा झालेली पापं मात्र पुन्हा सांगू नका.

हे मी आग्रहाने सांगतो, कारण याच वाटेने चांगली माणसं थकून जातात. संत इग्नेशियस लोयोला १५२२ मध्ये मानरेसाला असताना याच खोड्यात अडकले होते. जुन्या पापांची यादी पुन्हा पुन्हा सांगत, काहीतरी सुटलं असेल या भीतीने तासन्‌तास प्रार्थना करत, एक आठवडा अन्नही घेतलं नाही. जीव देण्याचे विचारही आले. शेवटी त्यांनी ठरवलं की मागचं पुन्हा निवेदन करायचं नाही, आणि देवाच्या दयेनेच आपण यातून सुटलो असं ते पुढे सांगत. मनाला क्षमा झाल्यासारखं वाटणं वेगळं आणि क्षमा होणं वेगळं. पहिली गोष्ट झोपेवर, साखरेवर, रात्रपाळीवर आणि बालपणी मिळालेल्या रागावण्यांवरही अवलंबून असते. दुसरी फक्त ख्रिस्तावर. एकच धर्मगुरू निवडा आणि त्यांच्याकडेच जात राहा, ते सांगतील तिथे थांबा. तरीही भीती दिवसभर पाठ सोडत नसेल, झोप उडत असेल, तर समुपदेशकाकडे किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे जा. त्यात विश्वासाची उणीव नाही.

आता भाऊ आणि ते हक्कसोडपत्र. इथे मला स्पष्ट बोलावं लागेल.

तुम्ही मत्तयच्या अठराव्या अध्यायाचा धसका घेतलाय. राजा दासाचं कर्ज माफ करतो, दास आपल्या सोबत्याला माफ करत नाही, राजा संतापतो. आकडे पाहा. दासाचं कर्ज दहा हजार तलांत. एक तलांत साधारण सहा हजार दिनारांचा आणि एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी, कितीही जन्म घेतले तरी न फिटणारी. सोबत्याचं देणं शंभर दिनार. प्रवचनांत आम्ही बहुतेक वेळा याला ‘क्षुल्लक रक्कम’ म्हणून पुढे जातो. पण शंभर दिवसांची मजुरी कोणत्याही मजुराला क्षुल्लक नसते. तीन महिन्यांहून जास्त घर चालतं त्यात. येशूने ‘तुझं नुकसान काहीच नाही’ असं सांगितलेलं नाही. तुमच्या भावाने तुमचा हक्क नाकारला, आईच्या आजारपणात तुम्ही केलेलं कोणी धरलं नाही, हे शंभर दिनार खरे आहेत. दृष्टांत एवढंच सांगतो की हे शंभर दिनार वसूल करताना सोबत्याचा गळा धरू नकोस, कारण तू माफी मिळालेल्या माणसांतला आहेस. इथेही राजाची माफी आधी आली आहे. दासाने सोबत्याला सोडलं म्हणून राजाने त्याला सोडलं, असं झालेलं नाही.

म्हणून क्षमा करा. म्हणजे भावाचं वाईट व्हावं ही इच्छा सोडा, त्याच्या मुलांशी बोला, त्याचं नाव घेऊन रोज एक ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणा, सुरुवातीला ओठांनीच का होईना. पण हक्कसोडपत्रावर सही करणं म्हणजे क्षमा नव्हे. ख्रिस्ती आईवडील मृत्युपत्र न करता गेले, तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने मुलगा आणि मुलगी सारखेच वाटेकरी असतात. तुमचा वाटा तुम्ही स्वखुशीने भावाला देऊ शकता, ते दान होईल. कोणी लेंटचं, त्यागाचं, येशूच्या क्रूसाचं नाव घेऊन तो काढून घेत असेल, तर ते दान नाही आणि ती दयाही नाही. देव आपल्यावर प्रेम करताना सौदा करत नाही. त्याच्या नावाने दुसऱ्या कोणी सौदा करावा, हेही मला मान्य नाही. वकिलाला कागद दाखवा. गावातली दोन जाणती माणसं घेऊन भावाशी बसा. न्यायालयात जावं लागलं तरी त्याने तुमची क्षमा खोटी ठरत नाही.

लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला, येशूला पाहायला झाडावर चढलेला करवसुली करणारा जक्कय पाहा. येशू झाडाखाली थांबून म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. जक्कयने तोवर कोणाला एक पैसा परत केलेला नाही. आधी येशू त्याच्या घरी गेला, आणि मग जक्कय उठून म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत करतो. दया घरात शिरली की लुबाडलेल्याला त्याचं परत मिळतं. लुबाडलेल्यानेच आणखी सोडून द्यावं, असं त्या गोष्टीत कुठेच नाही. हेच मी त्या बायकांनाही सांगतो ज्यांना नवरा मारतो आणि घरचे ‘क्षमा करून परत जा’ म्हणतात. मार खाऊन परत जाणं ही ख्रिस्ताने मागितलेली क्षमा नाही. आधी सुरक्षित जागी जा.

भावाने तुमच्याशी बोलावं की नाही, हे तुमच्या हातात नाही. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात धाकट्याच्या स्वागतावर रागावलेला थोरला भाऊ अंगणातच थांबतो. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो, विनवणी करतो, आणि तो आत गेला की नाही हे येशू सांगतच नाही. क्षमा तुमची एकटीची असू शकते. समेटाला दोघं लागतात.

या लेंटसाठी मी तुम्हाला फार काही देणार नाही. तुम्ही आधीच खूप काही अंगावर घेतलंय. आठवड्यातून एकदा स्तोत्र १०३ सावकाश वाचा. आपण माती आहोत हे देव आठवणीत ठेवतो, असं त्यात म्हटलंय, आणि राखेच्या बुधवारी हीच माती आपल्या कपाळावर असते. पश्चात्तापाचं म्हणून सगळे स्तोत्र ५१ सांगतात, तेही उत्तमच आहे, पण तुम्ही यंदा १०३ घ्या. शुक्रवारी जमेल तेव्हा क्रूसाच्या वाटेला, म्हणजे येशूच्या दुःखसहनाची आठवण करणाऱ्या प्रार्थनेला, जा. रात्रपाळी असेल तर जाऊ नका. रविवार लेंटच्या चाळीस दिवसांत धरले जात नाहीत, राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत मोजलेत तर शेहेचाळीस भरतात ते याच सहा रविवारांमुळे. रविवार पुनरुत्थानाचा असतो, लेंटमध्येसुद्धा. त्या दिवशी घरच्यांसोबत नीट जेवा.

मुलांचं विचारलंत. धाकट्या दोघांना उपवास करायला लावू नका, चौदा वर्षांखालच्यांना मांसवर्ज्याचंही बंधन नाही. पण लेंट म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगणं ही आईवडिलांची आणि आमची जबाबदारी आहे, असं चर्चचा कायदाच सांगतो. त्यांनी चॉकलेट सोडलं तर ते पैसे डब्यात साठवून पुढे मोबाइलच्या गेमवर खर्च होणार नाहीत, एवढं बघा. डब्यातले पैसे कोणाला द्यायचे हे त्यांनाच ठरवू द्या, आणि शक्यतो ज्याला त्यांनी पाहिलंय अशा माणसाला: तुमच्या इमारतीचा वॉचमन, शाळेबाहेर बसणाऱ्या आजी. थोरली सोळा वर्षांची आहे असं लिहिलंय. तिला शुक्रवारचं मांसवर्ज्य लागू आहे, पण तिला स्वयंपाकघरातून ओरडून पाळायला लावू नका. तिच्यासोबत बसून लूकचा पंधरावा अध्याय वाचा आणि थोरला भाऊ आत गेला असेल का, हे तिला विचारा.